घोडे धावले, बातमी फ्रॉकची झाली

आज फ्लेमिंग्टनला जाऊया, मेलबर्नच्या रेसकोर्सवर. नोव्हेंबरचा पहिला मंगळवार, मेलबर्न कप. शहराला चक्क सुट्टी! 1926 ला इथे लाखाच्या वर माणसं जमली होती.

घोडे बघायला? हो, पण पेपरातल्या बायकांच्या पानावर वेगळीच शर्यत छापून यायची. कुणाचा फ्रॉक कसल्या कापडाचा, कानापर्यंत ओढलेली क्लॉश टोपी कुठल्या रंगाची, सगळं नावानिशी. मला खटकतं ते इथेच. ही नावं मुख्यतः मेंबर्सच्या हिरवळीवरच्या बायकांची. साधं तिकीट काढून आलेल्या म्हणजे नुसती ‘गर्दी’.

त्यात 1929 नंतर मंदी आली, आणि गंमत बघा, नेमकी तेव्हाच फॅशन बदलली. गुडघ्यापर्यंतचे फ्रॉक एकदम लांब झाले. म्हणजे जुना फ्रॉक घातला की लांबूनच कळणार, हिच्याकडे यंदा पैसे नाहीत! मग काय, घरच्या मशीनवर खाली कापडाचा पट्टा जोडायचा आणि निघायचं. कारण 1930 ला फार लॅप धावणार होता. तो जिंकलाही.

त्याच्यावर तीनच दिवस आधी गोळी झाडली होती. ती गोष्ट पुढच्या भागात.