व्हॉल्व्हचा सूर आणि ट्रान्झिस्टरचा सूर

सुरत शहराच्या पश्चिमेस, हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, इच्छापोर नावाचे गाव आहे. हिरे व जडजवाहीर यांच्या उद्योगासाठी तेथे एक स्वतंत्र वसाहत वसली आहे. सुरत आणि तिच्या भोवतालच्या उद्योगांनी खानदेशातून व महाराष्ट्राच्या इतर भागांतून कितीतरी मराठी कुटुंबे आपल्याकडे ओढून घेतली. त्या कुटुंबांबरोबर गणेशोत्सव तेथे गेला आणि उत्सवातील गाण्याबजावण्याची हौसही गेली. अशा वाद्यवृंदात विजेची गिटार वाजवणाऱ्या तरुणापुढे आज ना उद्या एक प्रश्न उभा राहतो. गाठीच्या पैशांत ध्वनिवर्धक कोणता घ्यावा, व्हॉल्व्हचा की ट्रान्झिस्टरचा? पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या कित्येक पट असू शकते. ‘खरा सूर व्हॉल्व्हचाच’ असे जाणकार मित्र छातीठोकपणे सांगतात. महिन्याच्या पगारातून पैसे बाजूला टाकणाऱ्याला हे वाक्य फार महागात पडण्याचा संभव आहे. म्हणून त्यात तथ्य किती, हे पाहणे अगत्याचे ठरते.

या दोन घराण्यांचा जन्मकाळ एकमेकांपासून फार दूर नाही. १९०४ साली इंग्लंडमध्ये फ्लेमिंग यांनी निर्वात काचनलिकेचे पहिले उपयुक्त रूप सिद्ध केले. त्याच वर्षी आपल्या जगदीशचंद्र बोस यांना गॅलेना या खनिजाच्या स्फटिकाने विद्युत् लहरी टिपणाऱ्या साधनाचे अमेरिकन पेटंट मिळाले. पहिली वाट १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी पुढे नेली. त्यांनी नलिकेत तिसरा धातुभाग, म्हणजे जाळी, बसवली आणि त्यातूनच क्षीण विद्युत् संदेश बलवान करण्याची युक्ती हाती आली. दुसरी वाट बराच काळ निजून राहिली. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर अवतरला तेव्हा ती जागी झाली. पन्नाशीच्या दशकात व्हॅन शिप्ले आणि हझारा सिंग यांच्या गिटारीने मुंबईच्या चित्रपटसंगीतात आपले स्थान मिळवले, त्या वेळी ध्वनिवर्धनाचे राज्य अद्यापि व्हॉल्व्हचेच होते.

दोन्ही साधनांचे काम एकच. गिटारीच्या तारेखाली चुंबक व वेटोळे असते. तार हलली की त्यात अगदी अल्पसा विद्युत्प्रवाह उमटतो. ध्वनिवर्धकाने तो मोठा करून कर्ण्याला द्यावयाचा. आवाज बेताचा ठेवला, तर चांगल्या व्हॉल्व्हमधील आणि चांगल्या ट्रान्झिस्टरमधील अंतर फार थोडे उरते. खरा भेद दिसतो तो शक्तीची मर्यादा ओलांडताना. प्रत्येक ध्वनिवर्धकाला एक छत असते. संदेशाची लाट त्याहून उंच उसळली की तिचा माथा कापला जातो.

हा माथा कसा कापला जातो, यातच सारे मर्म आहे. हिऱ्याच्या कारागिराला हे सांगावे लागणार नाही. घासाईने कडा हळूहळू गोलावते, आणि पैलू पाडला की तीच कडा धारदार होते. व्हॉल्व्ह मर्यादेजवळ येताच दमू लागतो. लाटेचा माथा क्रमाक्रमाने गोलसर होत जातो. साधा ट्रान्झिस्टरी ध्वनिवर्धक मात्र अखेरच्या क्षणापर्यंत सरळ वागतो आणि मग एकाएकी माथा सपाट छाटून टाकतो. त्या छाटणीच्या तीक्ष्ण कडांमधून उंच पट्टीचे अनेक नवे स्वर बाहेर पडतात.

हे नवे स्वर कोणते, हे आपल्या स्वरसप्तकात सहज समजते. तारेचा मूळ स्वर षड्ज मानला, तर दुप्पट कंपनांचा स्वर वरचा षड्ज, तिप्पट कंपनांचा पंचम आणि पाचपट कंपनांचा गांधार होय. हे सारे मूळ स्वराचे सगेसोयरे. सातपट कंपनांचा स्वर मात्र कोमल निषादाहून किंचित उतरलेला असतो. अकरापट कंपनांचा शुद्ध आणि तीव्र मध्यमांच्या मधोमध लोंबकळतो. गोलसर कापणीत जवळच्या सग्यासोयऱ्यांचे प्राबल्य राहते आणि दूरचे हळूहळू प्रवेश करतात. तीक्ष्ण छाटणीत ही परकी मंडळी एकदम घरात शिरतात. पहिल्या आवाजाला कान ‘भरदार’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘कर्कश’.

शास्त्राच्या दृष्टीने दोन्ही विकृतीच. परंतु विकृती म्हटली की ती त्याज्यच, असे संगीत मानीत नाही. मिरजेचे कारागीर तानपुऱ्याची जवारी काढतात, ती कशासाठी? घोडीचा माथा अशा बेताने घासला जातो की, तार तिला निमिषमात्र स्पर्शत राहावी. खाली सुताचा धागा सरकवून तो स्पर्श साधला जातो. त्यातूनच स्वयंभू स्वरांचा गुंजारव उठतो. जवारी उतरलेला तानपुरा गवयाला मुका वाटतो. गिटारवादकांनी व्हॉल्व्हच्या बाबतीत असेच केले. अमेरिकेतील लिओ फेंडर यांचा कल स्वच्छ आवाजाकडे होता. १९६२ मध्ये लंडनच्या जिम मार्शल यांनी फेंडर यांच्या एका नमुन्याच्या धर्तीवर आपला ध्वनिवर्धक तयार करविला. वादकांनी तो मर्यादेपलीकडे चढवला आणि यंत्राचा दोष वाद्याचा अलंकार होऊन बसला.

तथापि ‘व्हॉल्व्ह समपटीचे गोड स्वर देतो आणि ट्रान्झिस्टर विषमपटीचे कडू’ हे सर्वतोमुखी झालेले विधान तपासून घ्यावे लागते. मोठ्या व्हॉल्व्ह-ध्वनिवर्धकांत अखेरच्या टप्प्यातील व्हॉल्व्ह जोडीने काम करतात, आणि त्या जोडीतून निघणारे समपटीचे स्वर परस्परांना बव्हंशी खोडून टाकतात. शिवाय विषमांतलाच तिसरा म्हणजे आपला पंचम. तो कडू कसा? आवाजात कर्ण्याचाही वाटा मोठा असतो. गिटारीसाठी केलेला बारा इंची कर्णा सेकंदाला सुमारे पाच हजार कंपनांपलीकडचे स्वर बरेच दाबून टाकतो. एकच ध्वनिवर्धक दोन निरनिराळ्या कर्ण्यांना जोडला, तर तो ओळखू येणार नाही इतका बदलतो.

ट्रान्झिस्टरच्या बाजूनेही बरेच सांगण्यासारखे आहे. तो हलका असतो, चालू करताच बोलू लागतो आणि काचेच्या नलिकांप्रमाणे त्याचे भाग वरचेवर बदलावे लागत नाहीत. स्वच्छ सुरासाठी जपानच्या रोलँड कंपनीने १९७५ साली आणलेल्या ‘जॅझ कोरस’ या ट्रान्झिस्टरी ध्वनिवर्धकाची कीर्ती आजही टिकून आहे. उलट व्हॉल्व्हच्या पेटीत तीनशे-चारशे व्होल्टचा दाब खेळत असतो आणि वीज बंद केल्यानंतरही तो काही काळ आत साठून राहू शकतो. तेथे हौशी हाताने शिरणे प्राणावर बेतेल. एके काळी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हॉल्व्ह तयार होत. आता ते प्रामुख्याने चीन, रशिया व स्लोव्हाकिया या देशांतून येतात, म्हणून नव्या जोडीचा खर्चही हिशेबात धरला पाहिजे.

मग त्या तरुणाने काय करावे? दोन्ही ध्वनिवर्धक शेजारी ठेवावेत, शक्य तर एकाच कर्ण्यावर, आणि आवाजाची पातळी काटेकोरपणे सारखी करावी; कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक गोड वाटतो आणि दुकानात पुष्कळांची निवड येथेच फसते. वाजवणाऱ्याकडे पाठ करून मित्रांनी ऐकावे आणि कोणता आवाज कोणाचा ते सांगावे. जी गाणी आपल्याला वाजवायची आहेत, तीच वाजवावीत. भावगीताच्या साथीला आणि मंद स्वरसंगतीला बेताच्या किमतीचा ट्रान्झिस्टर बहुधा पुरून उरेल. तारेवरचा दाब कमी-अधिक करून सूर फोडायचा आणि पुन्हा सावरायचा असेल, तर व्हॉल्व्ह बोटांना जे उत्तर देतो, त्याची किंमत मोजण्यात अर्थ आहे. पाठ फिरवून ऐकताना भेद कळलाच नाही, तर उरलेले पैसे चांगल्या कर्ण्यावर आणि चांगल्या गुरूवर खर्च करणे शहाणपणाचे होईल.