फरक किती आणि कुठे?

(सोसायटीच्या गणेशोत्सवातील विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे.)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत. मी पंधरा घेणार आहे हे त्यांनाही ठाऊक आहे, म्हणूनच त्यांनी दहा सांगितली.

दरवर्षी या मांडवात आपण पास झालेल्यांना पेन आणि पुष्पगुच्छ देतो. ते योग्यच आहे. दहावी-बारावीपासून पीएचडीपर्यंत सगळ्यांची नावं वाचली जातात. पण मला आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे त्यांची नावं कुठल्याच यादीत नसतात, आणि ती मुलं आत्ता खाली आलेलीही नाहीत. ती वर खिडक्या लावून बसली आहेत. सीएची परीक्षा आता वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे आणि सप्टेंबर. सप्टेंबर म्हणजे आपले गणपती. तेव्हा माझं पहिलं सांगणं स्पीकरवाल्याला: बाबा रे, त्याचं तोंड जरा रस्त्याकडे कर.

मी सीए नाही. बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यातला बराचसा काळ हिशेबाच्या टेबलावर. ३१ मार्चचं क्लोजिंग झालं की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शाखेत स्टॅट्युटरी ऑडिट येई. साहेब दोन दिवस डोकावून जात, खरं काम आर्टिकलशिपची मुलं करत. दुपारी डबा खाताना ती बोलायची. कुणाचा तिसरा अटेम्प्ट, कुणाचा सहावा. त्यामुळे या परीक्षेत नापास होणं म्हणजे काय असतं ते मी बऱ्याच जवळून पाहिलं आहे. आणि निवृत्तीनंतर आपल्याच सोसायटीत पुन्हा पाहतो आहे.

आधी एक गोष्ट आई-वडिलांसाठी. आपल्या पिढीच्या डोक्यात नापास म्हणजे अभ्यास न केलेला, असं पक्कं बसलेलं आहे. शाळेत ते खरं असेलही. इथे तसं नाही. २०२४ च्या मे महिन्यात सीए फायनलचे दोन्ही ग्रुप एकदम दिलेल्यांपैकी पास झालेले वीस टक्क्यांच्या आत होते. आणि परीक्षेला बसणारी ही मुलं बहुतेक आपापल्या शाळा-कॉलेजात वरच्या नंबरात असलेली. म्हणजे पाच हुशार मुलं बसवली तर चार परत यायची. तुमच्या घरी त्या चारांपैकी एक आहे, एवढंच.

आता मुद्द्यावर येतो. मी नोकरीला लागलो तेव्हा संगणक नव्हते. लेजर हाताने लिहायचं आणि संध्याकाळी बेरजा जुळवायच्या. जुळल्या नाहीत की नवा माणूस घाबरून पहिल्या पानापासून सगळं पुन्हा तपासायला घेई. रात्रीचे नऊ वाजत. आमचे अकाउंटंट त्याला थांबवत आणि विचारत, "फरक किती?" फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर बहुधा आकडे उलटे लिहिले गेलेत, ७३० चे ३७० झालेत, फरक ३६०. तसं नसेल तर फरकाचा निम्मा आकडा शोधा. पाचशेचा फरक असेल तर कुठे तरी अडीचशे नावेऐवजी जमेला पडलेत. दर वेळी याने सापडतच असे असं नाही. पण कुठे बघायचं हे तरी कळे.

सीएच्या गुणपत्रिकेचंही तेच करायला हवं, आणि कुणी करत नाही. पडद्यावर 'नापास' दिसलं की मूल ते पान बंद करतं, आठ दिवस रडतं किंवा गप्प बसतं, आणि मग पुन्हा पहिल्या विषयाच्या पहिल्या धड्यापासून सुरू करतं. लेजर पहिल्या पानापासून!

उदाहरण देतो. एका ग्रुपमध्ये तीन पेपर, तीनशे गुण. पास व्हायला प्रत्येक पेपरात किमान ४० आणि ग्रुपची बेरीज १५०. आता एकाला पडले ५२, ४९ आणि ४७. बेरीज १४८. नापास. दुसऱ्याला पडले ७१, ५८ आणि ३६. बेरीज १६५. तोही नापास. शेजारी-पाजारी दोघांना एकच शब्द. पण हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्याला कुठलाच विषय अडलेला नाही, त्याला तिन्हीत थोडं थोडं वर यायचं आहे. दुसऱ्याचं घोडं एकाच पेपरात अडलं आहे. त्याने तिन्ही विषय सारखा वेळ देऊन पुन्हा वाचणं म्हणजे निव्वळ कष्ट.

शिवाय त्या दुसऱ्याच्या हातात एक ठेव आहे. ६० किंवा जास्त गुण मिळालेल्या पेपराची त्याला सूट मिळते, आणि ते ७१ पुढच्या बेरजेत धरले जातात. उरलेल्या दोन पेपरांत नुसते चाळीस-चाळीस आले तरी १५१ होतात. अर्थात चाळीसवर डोळा ठेवून अभ्यास केला की अडतीस पडतात, हे वेगळं सांगायला नको. या ठेवीला मुदत असते, पुढच्या तीन परीक्षांची. पूर्वी वर्षातून दोनदा परीक्षा होती तेव्हा तीन परीक्षा म्हणजे दीड वर्ष. आता तीनदा झाल्यावर ती मुदत एका वर्षातच संपते. हे कित्येक घरांत लक्षातच आलेलं नाही. नियम बदलत असतात, म्हणून क्लासवाल्याच्या तोंडून न ऐकता संस्थेचं पत्रक स्वतः वाचा.

आणि याच नियमाला एक अट आहे. सूट हवी तर ग्रुपमधल्या सगळ्या पेपरांना बसलेलं असावं लागतं. पहिला पेपर वाईट गेला म्हणून दुसऱ्या दिवशी पांघरूण घेऊन झोपून राहणारी मुलं मी पाहिली आहेत. आईसुद्धा म्हणते, जाऊ दे, नको त्रास करून घेऊ. अहो, पाठवा त्याला! रडत जाईल, पण जाऊ दे. उरलेल्या पेपरांतले साठ कुठे पडून आहेत, कुणाला ठाऊक?

आपल्या बी विंगमधली एक मुलगी, नाव सांगत नाही आणि एवढं सांगायलाही तिची परवानगी घेतली आहे, फायनलच्या पहिल्या ग्रुपला चार वेळा बसली. चौथ्यांदा निकाल लागल्यावर तिचे वडील माझ्याकडे आले. बँकेत परीक्षा चालू आहेत का विचारायला. मी म्हटलं, आधी चारही गुणपत्रिका घेऊन तिलाच पाठवा. आमच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही त्या ओळीने मांडल्या. चारही वेळा ऑडिटच्या पेपरात चाळीसच्या आत. मला आश्चर्य वाटलं, कारण आर्टिकलशिपमध्ये ती सगळा वेळ ऑडिटच करत होती. तिला ते इतकं येत होतं की अभ्यासाला तो विषय ती शेवटी घ्यायची. ठीक आहे, पण मग अडतं कुठे?

उत्तरपत्रिका मागवली. फी भरून तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत मिळते. आपली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये माहिती अधिकारात मान्य केलेला आहे, तरी मागवायला मुलं घाबरतात. प्रत आली. शेवटचे दोन प्रश्न कोरे. पहिल्या प्रश्नांची उत्तरं मात्र चार-चार पानं, अगदी साग्रसंगीत. म्हणजे तिला विषय येत नव्हता असं नव्हे, तिचे तीन तास पुरत नव्हते! वाचन कितीही वाढवलं असतं तरी हा फरक निघाला नसता, उलट उत्तरं आणखी लांबली असती. पुढचे दोन महिने ती दर रविवारी आमच्याकडे येऊन घड्याळ लावून पूर्ण पेपर लिहायची. सौ. चहा द्यायची आणि मी वेळ संपली की वही ओढून घ्यायचो, तेवढंच माझं योगदान. पाचव्यांदा तो ग्रुप सुटला. दुसरा अजून बाकी आहे; तीही आत्ता वरच आहे.

एक इशारा पुन्हा पुन्हा बसणाऱ्यांसाठी. जुन्या नोट्स जिव्हाळ्याच्या होतात, त्यांवर रंगीत रेघा असतात. पण कराचे कायदे दर वर्षी बदलतात. आता तर १९६१ चा आयकर कायदाच जाऊन १ एप्रिल २०२६ पासून नवा, कलमांचे क्रमांकसुद्धा वेगळे. आपल्या परीक्षेला कुठल्या तारखेपर्यंतच्या दुरुस्त्या लागू आहेत हे पाहूनच वही उघडा. रद्दीचा मोह नको.

आता अवघड भाग. थांबायचं कधी?

यूपीएससीला खुल्या गटातल्या उमेदवाराला सहा संधी असतात. सरकारच सांगतं, बस झालं. सीएला अशी संख्येची मर्यादा नाही, आणि हीच यातली खरी अडचण आहे. थांबण्याचा निर्णय त्या मुलालाच घ्यावा लागतो, आणि तोही नेमका निकालाच्या दिवशी, जेव्हा डोकं ठिकाणावर नसतं. मी स्वतः बँकेच्या सीएआयआयबीचा दुसरा भाग तीन खेपांत पूर्ण केला, पण त्याची फुशारकी मारणार नाही. माझा पगार चालू होता. नापास झालो तरी पहिल्या तारखेला खात्यात पैसे जमा व्हायचे. सव्विसाव्या वर्षी वडिलांच्या पेन्शनवर नापास होणं हे फार वेगळं आहे. आमच्यासारख्यांनी त्यांना चिकाटीवर व्याख्यान देऊ नये.

बँकेत कॅश क्रेडिटचं लिमिट दर वर्षी रिन्यूअलला येतं. एका खराब तिमाहीवर कोणी लिमिट रद्द करत नाही, आणि न बघता आयुष्यभर चालूही ठेवत नाही. तारीख ठरलेली असते आणि त्या दिवशी काय बघायचं तेही ठरलेलं असतं. घरात तसं करा. निकालाच्या आधी, मन शांत असताना, मुलाने स्वतः कागदावर लिहावं: अमुक परीक्षेपर्यंत पूर्णवेळ, त्यानंतर नोकरी करत करत, आणि अमुक वर्षानंतर नाही. फरक दर वेळी कमी होतोय का, हे बघायचं. १२०, १३१, १४४ अशी बेरीज चढत असेल तर ते खातं जिवंत आहे. तीन वेळा तिथेच घुटमळत असेल तर पद्धत बदला किंवा वाट बदला. आणि आजवर घातलेली वर्षं आणि फी हे पुढे चालू ठेवण्याचं कारण होत नाही. गेलेला खर्च गेला, हे तर ही मुलं कॉस्टिंगच्या पेपरात लिहून येतात.

माझ्या शेवटच्या शाखेत ऑडिटला येणारा एक मुलगा सात अटेम्प्टनंतर थांबला. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात हिशेब खात्यात लागला. इंटर झालेला, तीन वर्षं ऑडिट केलेला माणूस त्यांना सोन्यासारखाच होता. मला फोन केला तेव्हा आनंद किंवा दुःख काही सांगितलं नाही. म्हणाला, "साहेब, आता गावाकडच्या लग्नाला जाता येतं." मी त्यावर बराच वेळ विचार करत होतो. सात अटेम्प्ट म्हणजे साडेतीन वर्षं हा मुलगा एकाही लग्नाला गेला नव्हता, कारण तिथे सगळे एकच प्रश्न विचारणार.

तो प्रश्न आपणच विचारतो. लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, "काय, लागला का निकाल?" आपल्याला उत्तर नको असतं, तिसरा मजला येईपर्यंत काही बोलायचं असतं. मग पाऊस आहे, पाणी आज उशिरा येणार आहे, मेंटेनन्स वाढणार आहे, हे काय कमी विषय आहेत? आणि घरातल्यांनीही फार जपून वागू नये. टीव्ही बंद, आजी कुजबुजते, बहिणीचा वाढदिवस नाही, असं घर केलं तर प्रत्येक ताटावर त्या मुलाला आपलं ऋण दिसतं. त्याला वीजबिल भरायला पाठवा, आजोबांच्या पासबुकात एंट्री मारून आणू दे. चिडेल, पण जाईल.

मात्र एखादं मूल खाली उतरेनासं झालं, जेवण सुटलं, झोप सुटली, किंवा 'मी नसलेलं बरं' अशा अर्थाचं काही बोललं, तर ते 'टेन्शन आहे, होईल कमी' म्हणून सोडू नका. त्याच्याजवळ बसा, स्पष्ट विचारा, आणि डॉक्टरांकडे न्या. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलतात. लिफ्टशेजारच्या फलकावर तो लिहून ठेवायला मी कमिटीला सांगितलं आहे.

शेवटी एक मागणी. वन बीएचकेत चार माणसं आणि एक सीएचा विद्यार्थी हे गणित बसत नाही. अभ्यासिकांची फी सगळ्यांना परवडते असं नाही. आपलं सोसायटी ऑफिस रात्री आठनंतर रिकामं असतं. कमिटीचा आक्षेप मला माहीत आहे: तिथे आय रजिस्टर, जे रजिस्टर, शेअर सर्टिफिकेटं आहेत. ती कपाटात आहेत आणि कपाटाला कुलूप आहे. विजेचा खर्च एका ट्यूबचा आणि एका पंख्याचा. एजीएमपर्यंत थांबायचं तर जानेवारीची परीक्षा जवळ येते, तेव्हा कमिटीने आपल्या अधिकारात तीन महिने करून बघावं आणि मग ठरवावं. चावी वॉचमनकडे राहील, नाव आणि वेळ लिहायची वही मी उद्या आणून ठेवतो. पंखा मात्र फार आवाज करतो, तेवढा दुरुस्त करून घ्या.