वस्तीची गाडी बंद होते तेव्हा

(परळ येथे महिला गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



दोन आकड्यांपासून सुरुवात करते. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. आपण बसलो आहोत त्या मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. पहिला आकडा ऐकून कुणी म्हणेल, कोकणात बाईला मान आहे. पण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत तिथेही मुलीच कमी आहेत. म्हणजे हा आकडा बाईच्या मानाचा नाही. गाव सोडून गेलेल्या पुरुषांचा आहे.

ते पुरुष इथे आले, लालबाग-परळच्या गिरण्यांत लागले. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपले, खाणावळीत जेवले. खाणावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, हे आपल्याला ठाऊक आहे. गावाकडे मात्र भातशेती, गुरे, सासूसासरे सांभाळत मनिऑर्डरची वाट पाहणाऱ्या बायकांची दखल कुणी घेतली? १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तरी माणसांचे जाणे थांबले नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरीची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गचीही घटली.

आता प्रवासाकडे पाहू. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. गणपतीत रेल्वेच्या जादा गाड्या, एसटीच्या हजारो गाड्या सुटतात. चांगलेच आहे. पण ही सारी सोय मुंबई ते गाव अशी आहे. गावातल्या बाईचा रोजचा प्रवास वेगळा आहे. वाडीवरून तिठ्यापर्यंत डोक्यावर ओझे घेऊन चालत, आणि तिठ्यावरून तालुक्याला. बँक, ग्रामीण रुग्णालय, बाजार, मुलीचे कॉलेज, सगळे तिथेच. या प्रवासाचा आधार म्हणजे वस्तीची एसटी, रात्री गावात मुक्काम करून पहाटे सुटणारी.

ही गाडी बंद कशी होते? कारण सांगतात भारमान कमी. तरुण माणसे गेली, शाळेचा पट घटला, गाडी रिकामी धावू लागली, की फेरी रद्द. मग दहावीनंतर मुलीला घरी बसवतात. म्हातारी रक्तदाबाच्या गोळ्यांशिवाय महिना काढते. बाळंतपण जवळ आले की सुनेला आधीच तालुक्यातल्या नातेवाइकांकडे नेऊन ठेवावे लागते. ज्यांना जमते ते घराला कुलूप लावून विरारला, दिव्याला येतात. भारमान आणखी घटते. लालबागच्या चाळींत काम करताना मला भेटणाऱ्या कितीतरी बायकांनी गाव सोडण्याचे कारण हेच सांगितले आहे: "मुलीच्या शिक्षणासाठी आलो."

मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले. त्याचे स्वागतच आहे. पण जी गाडी वाडीवर येतच नाही, तिचे अर्धे तिकीट कुठे काढायचे? दारातली मोटारसायकल पुरुषाच्या हातात, आणि पुरुष मुंबईत. उरते ती स्पेशल रिक्षा. तिचे भाडे म्हणजे दिवसाची मजुरी.

म्हणून माझी सूचना साधी आहे. गिरगावपासून लालबागपर्यंत गावोगावच्या ग्रामस्थ मंडळांच्या मुंबई शाखा आहेत. त्यांच्या सभांत देऊळ, पालखी, गणपतीच्या गाड्या यांवर तासन् तास बोलणे होते. त्या सभांना बहुतेक पुरुषच असतात. आपण तिथे जाऊन बसायचे. गणपतीच्या जादा गाड्यांच्या निवेदनात वस्तीच्या गाडीची मागणी घालून घ्यायची. गावातल्या मैत्रिणींना कळवायचे की ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असे कायदाच सांगतो. तिथे ठराव करून तो आगार व्यवस्थापकांकडे न्यावा. गाडीची वेळ शाळा, दवाखाना आणि बाजार पाहून ठरवा, असे त्यात स्पष्ट लिहावे.

फेरी चालवायची की नाही हे नुसत्या भारमानावर ठरू नये. गाडी नसल्यामुळे जी बाई घराबाहेर पडलीच नाही, ती भारमानात कधी मोजली जात नाही. तिला मोजायला आपणच लावले पाहिजे.