शिवणीतली माया

बायकांचं वजन आणि कपड्यांचं माप यावर बोला, असं रेडिओ केंद्राने सांगितलं. वजनाकडे येतेच, पण आधी शिवणाकडे. लुगड्याला माप नसतं. तेच नऊ वार बारीक बाईला होतात, अंगाने भरलेलीला होतात, पोटुशीलाही होतात. निऱ्या कमीजास्त करायच्या, झालं. ब्लाउजला माप लागतं, पण शिंपी ते टेपने किंवा मापाच्या ब्लाउजवरून घेतो आणि शिवणीत थोडं जास्तीचं कापड सोडतो. त्या कापडाला आपण ‘माया’ म्हणतो. काय शब्द आहे बघा! बाळंतपण होईल, वय वाढेल, दंड भरतील, हे धरूनच ती आत ठेवलेली असते. ब्लाउज दाटला की शिंपी बाईला बोल लावत नाही, टीप उसवतो. पुन्हा सांगते, उसवायची ती टीप.

तयार कपड्यात ही माया जेमतेम असते, कारण हजारो नगांमागे बोटभर कापड वाचलं तरी तो नफाच. आणि तिथलं माप कोणाचं? अमेरिकेत १९३९-४० मध्ये सुमारे १५ हजार स्त्रियांची मापं घेऊन तिथले तक्ते बसवायला सुरुवात झाली. आपल्याकडे अनेक वर्षं असे परदेशी तक्तेच थोडेफार फिरवून वापरले गेले. भारतीय अंगाचा तक्ता करण्यासाठी ‘निफ्ट’ या फॅशन तंत्रज्ञान संस्थेने सहा शहरांत २५ हजार जणांची मापं घ्यायचं काम हाती घेतलं, तेही अलीकडे. कारखाना प्रत्येकीचं माप घेऊ शकत नाही, हे मान्य. ठरावीक मापं लागणारच. पण एका कंपनीचं एल दुसरीच्या एक्सएलएवढं भरत असेल, तर ते माप कापडाचं आहे, बाईचं नाही.

कोणी म्हणेल, मग लठ्ठपणा काय चांगला? नाही. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी खरीच आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के स्त्रियांचं वजन जास्त होतं, जवळपास १९ टक्के स्त्रियांचं कमी, आणि ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी होतं. म्हणजे बारीक ती निरोगी, हे काही खरं नाही. रक्त डोळ्यांनी मोजता येत नाही, ते तपासावं लागतं. तेव्हा हळदीकुंकवाला ‘किती सुटलीस गं’ किंवा ‘खायला घालत नाहीत का’ म्हणणाऱ्या काकू-मावश्यांनो, तुमचा जीव असतो हे ठाऊक आहे, पण हे बोलणं आता थांबवा. त्याने वजन हलत नाही, ती पोर मात्र जेवताना ताटाकडे चोरून बघू लागते. पुरुषाचं पोट सुटलं तर तो खात्यापित्या घरचा. बाईचं सुटलं तर ती आळशी! बाईला लावलेले दोष पुरुषांत नसतात का, असं आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ या पुस्तकात १८८२ सालीच विचारलं होतं. तराजू अजून तोच आहे.

एवढं एक करा: ब्लाउज शिवायला टाकाल तेव्हा दोन्ही बाजूंना माया सोडायला सांगा.