काचबिंदूचे थेंब आणि पेटंटची मुदत
(मंडळाच्या मासिक सभेतील भाषण)



आपल्या बडोद्याच्या मराठी घरांतून काचबिंदूचे थेंब आता देवापुढच्या दिव्याइतक्याच नेमाने लागतात. हे थेंब जन्मभराचे. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही, म्हणून ते थांबवून चालत नाहीत. तेव्हा त्यांची किंमत हा घरखर्चाइतकाच राजकारणाचाही विषय आहे.

आम्ही बँकेतली माणसे. मुदत ठेवीची पावती हाती आली की आधी ती कधी पिकते ते पाहतो. पेटंटचीही अशीच तारीख असते. मुदत वीस वर्षांची, पण ती अर्जाच्या दिवसापासून मोजतात. त्यातली कितीतरी वर्षे चाचण्यांतच जातात. मुदत संपली की तेच औषध इतरांनाही बनवता येते आणि भाव उतरतो. लॅटानोप्रॉस्ट अमेरिकेत १९९६ साली झॅलाटान या नावाने आले. २०११ साली पेटंट संपेपर्यंत तिथल्या रुग्णांना त्याचा स्वस्त पर्याय नव्हता. आपल्याकडे १९७० च्या कायद्याने औषधाच्या पदार्थाला पेटंटच नव्हते, फक्त बनविण्याच्या कृतीला होते. ज्यांच्या घरचे कोणी अलेम्बिकमध्ये किंवा साराभाईत होते, त्यांना हे सांगायला नको.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारापायी १ जानेवारी २००५ पासून पदार्थालाही पेटंट मिळू लागले. मात्र संसदेने कलम ३(ड) ठेवले. जुन्याच औषधाचे नवे रूप, गुण वाढल्याचे दाखविल्याशिवाय, पेटंटला पात्र नाही. शिवाय पेटंट मिळण्यापूर्वी कोणालाही हरकत घेता येते.

आता मुदत कशी लांबवतात ते पाहा. ॲलरगन कंपनीने काचबिंदूची दोन ज्ञात औषधे एकत्र करून गॅनफोर्ट व कॉम्बिगन आणली आणि त्या मिश्रणांवर भारतात पेटंटे मिळवली. मुंबईच्या अजंता फार्माने आव्हान दिले आणि ऑगस्ट २०१३ मध्ये अपील मंडळाने दोन्ही रद्द केली. याच कंपनीच्या रेस्टासिस या कोरड्या डोळ्यांच्या औषधाचे मूळ पेटंट अमेरिकेत २०१४ साली संपले. तोवर नवी पेटंटे काढून झाली होती. ती वाचवण्यासाठी कंपनीने २०१७ साली ती चक्क सेंट रेजिस मोहॉक या आदिवासी जमातीच्या नावे केली, कारण जमातीला सार्वभौमत्वाचे कवच असते. (कुळकायदा चुकवायला जमीन मेहुण्याच्या नावावर करणारे आपल्याला ठाऊक आहेतच!) त्याच वर्षी टेक्ससच्या न्यायालयाने पेटंटे अवैध ठरवली. तरीही स्वस्त औषध यायला फेब्रुवारी २०२२ उजाडले.

युरोपीय संघाशी २००७ साली व्यापार कराराच्या वाटाघाटी सुरू झाल्या, तेव्हा औषधांना जादा संरक्षण देण्याची मागणी पुढे आली होती. अशी मागणी पुन्हा येईल. म्हणून उमेदवार मते मागायला आले की गटार-रस्त्यांबरोबर कलम ३(ड) बद्दलही त्यांचे मत विचारावे, असा आमचा आग्रह आहे. बहुतेकांना ते ठाऊक नसेल, आपण सांगू.

आणि पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचे मूळ नावही लिहायला सांगा. मात्र त्यांना विचारल्याशिवाय थेंब बदलू नका.