टक्के मुलीचे, तास घराचे

(मुलुंड पूर्व येथे बारावीच्या मुली आणि त्यांच्या आया यांच्यासाठी झालेल्या बैठकीतील भाषणाचे शब्दांकन. वक्त्या फिजिओथेरपिस्ट आहेत.)



मघाशी एक आई हळूच म्हणाल्या, "हिला फिजिओथेरपी करायचीय, पण टक्के नाहीत हो." जणू मुलीत काही खोटच आहे. म्हणून आधी माझेच टक्के सांगते. बारावीला मला 56 टक्के होते. त्या वर्षी बाबांना अर्धांगवायू झाला. आई नोकरीला जायची, त्यामुळे बाबांचं सगळं, स्वयंपाक, पाणी भरणं माझ्याकडे. भावाची दहावी होती, त्याला कुणी हाक मारायची नाही. माझ्या गुणपत्रिकेत या तासांचा रकाना नव्हता.

घरी ठरलं, बी.ए. कर, मग बघू. 'मग बघू' म्हणजे काय, ते आपल्याला ठाऊक आहे. मी एक वर्ष मागितलं, तर "मुलीचं वर्ष वाया घालवायचं?" भावाला पुढे तेच वर्ष न मागता मिळालं. शेवटी मावशी माझ्या बाजूने उभी राहिली. रोज दुपारी तिच्या घरी बसून अभ्यास केला, प्रवेश परीक्षा दिली आणि प्रवेश मिळाला. पहिल्या वर्षी ॲनाटॉमीत नापासही झाले. आज पेशंट माझे टक्के विचारत नाहीत. हात वर जाईल का, एवढंच विचारतात.

आता कामाचं. आपल्या राज्यात बी.पी.टीएच.च्या प्रवेशाची यादी 'नीट'च्या गुणांवर लागते. बारावीच्या गुणांची किमान अट असते, तेवढी पुरी करावी लागते. केईएम, सायन, नायर इथल्या जागा थोड्या आणि स्पर्धा मोठी. खाजगी महाविद्यालयांत त्याहून कमी गुणांवर प्रवेश मिळतो, पण फी जड. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची शिक्षण फी व परीक्षा फी शासन भरतं. मात्र प्रवेश सरकारी फेरीतूनच हवा. डोनेशन देऊन घेतलेल्या जागेला ही सवलत नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आहेत. दाखले आत्ताच काढा, निकालानंतर धावपळ होते.

पदवीला कमी गुण पडले तरी वाट संपत नाही. एम.पी.टीएच.ची यादी राज्याच्या वेगळ्या सीईटीवर लागते. आणि "सहा महिन्यांत फिजिओथेरपिस्ट व्हा" अशा जाहिरातींना भुलू नका. महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का, ते आधी पाहा.

लग्न झालेल्या मैत्रिणींनाही सांगते. नीटची कमाल वयाची अट 2022 मध्ये निघाली. कमलाबाई निंबकर चाळिशी उलटल्यावर व्यवसायोपचार शिकायला विद्यार्थिनी झाल्या आणि 1950 साली त्यांनी केईएममध्ये त्याची शाळा काढली.

या कामात बायका हव्यात, असं मला मनापासून वाटतं. बाळंतपणानंतर शिंकताना लघवी होते, स्तनाच्या ऑपरेशननंतर हात सुजतो. हे सांगायला बायका वर्षानुवर्षं लाजतात. व्यायामाने आराम पडतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

शेवटी मंडळाकडे एक मागणं. आपली ही खोली दुपारी रिकामी असते. ती मुलींना अभ्यासाला द्या. आणि आयांनो, रोजचे तीन तास मुलीला घरातून मोकळीक द्या. भांडी भावाने घासली तर त्याचे टक्के कमी होणार नाहीत. झालेच, तर निदान त्यामागचं कारण तरी घराला कळेल.