विहिरीचें भांडवल

वसईच्या वाडीवाल्याला धंद्याचें शास्त्र पुस्तकानें शिकविलें नाहीं. तें त्याला विहिरीनें शिकविलें. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर, आणि मध्यें आगाशी, निर्मळ, गास, भुईगांव यांसारखीं गांवें. तेथील केळी, पानवेली, फुलझाडें आणि भाजीपाला यांवर कित्येक पिढ्या जगत आल्या. पहाटेच्या गाडीनें निघालेलीं फुलें उजाडतां उजाडतां दादरच्या बाजारांत पोहोंचतात. हा व्यापारच होय, दानधर्म नव्हे. नफ्यावांचून वाडी टिकत नाहीं आणि पाण्यावांचून नफा टिकत नाहीं, एवढें साधें गणित त्याच्या मुळाशीं आहे.

त्या गणिताचें एक गोड उदाहरण म्हणजे सुकेळी. पिकलेलें केळें फार दिवस थांबत नाहीं; पण राजेळी केळें सोलून उन्हांत वाळविलें, कीं तें टिकतें, वजनानें हलकें होतें आणि भावानें चढतें. इंधन सूर्याचें, वेष्टण केळीच्याच वाळलेल्या पानाचें. जमिनीपासून अधिक कांहीं न ओरबाडतां येथें मालाचें मोल वाढतें. वाडीच्या सखल भागांत खणलेलें बावखलही असेंच. पावसाचें पाणी त्यांत सांचतें आणि झिरपत झिरपत भोंवतालच्या विहिरींना मिळतें. बाहेरच्यास तो पडीक खड्डा वाटतो. जाणत्याच्या लेखीं ती ठेव आहे.

या ठेवीस हात लावल्यास काय होतें, याचा हिशेब शास्त्रानें मांडला आहे. समुद्रकांठच्या सच्छिद्र जमिनीखालीं गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. खारें पाणी किंचित् जड असल्यामुळें, समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर सपाटीखालीं सुमारें ४० फूट गोडें पाणी तोललें जातें. बाडोन घीबेन हा डच आणि हर्झबर्ग हा जर्मन, या दोघांनीं एकमेकांपासून स्वतंत्रपणें काढलेला हा नियम त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. त्याची उलट बाजू भयंकर आहे. उपसा करून वरची पातळी एक फूट उतरविली, तर कालांतरानें खालचें खारें पाणी ४० फुटांपर्यंत वर सरकूं शकतें. विहीर आटली, तर ती पुढच्या पावसाळ्यांत भरेल. खारट झालेली विहीर इतक्या लवकर गोडी होत नाहीं.

१९८० नंतरच्या काळांत मुंबईची वस्ती वसई-विरारकडे लोटली. इमारतींना पाणी हवें होतें आणि वाड्यांतील विहिरींना तें होतें. टँकरचे पैसे त्याच दिवशीं हातीं पडत. केळीच्या घडासाठीं वर्षभर थांबावें लागे. मोह पडला, यांत नवल तें काय? टँकरच्या वहींत तेलाचा खर्च होता, गाडीचा होता, चालकाच्या वेतनाचा होता. पाण्याच्या नांवापुढें मात्र शून्य होतें. नफा एकाच्या वहींत जमा झाला आणि तोटा शेजाऱ्याच्या विहिरींत उतरला. या उपशाविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीनें आवाज उठविला. तिचे धुरीण फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे पुढें २०२० सालीं उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

तथापि, नव्या इमारतींत राहावयास आलेल्यांची तहान हा गुन्हा नव्हता. २००९ सालीं येथें महानगरपालिका झाली. दूरच्या सूर्या नदीवरील धरणाचें पाणी नळानें आणावें लागलें. तेव्हां प्रश्न व्यापार हवा कीं नको, हा नाहीं. व्यापाऱ्याच्या वहींत सर्व खर्च लिहिला जातो कीं नाहीं, एवढाच आहे.

तो लिहिणें कारखानदारासही अवघड नाहीं. वसईच्या पूर्वेस लहान कारखान्यांच्या वसाहती आहेत. ५०० चौरस मीटरच्या छपरावर वर्षांत २,००० मिलिमीटर पाऊस पडला, तर तें पाणी १० लक्ष लिटर होतें. आणि एवढा पाऊस उत्तर कोंकणांत नवलाचा नाहीं. तें सारेंच हातीं लागणार नाहीं हें खरें. पण अर्धें जरी गटाराऐवजीं टांकींत किंवा जमिनींत गेलें, तरी तितक्या टँकरांचें देणें वांचतें. येथें निसर्गाचें हित आणि मालकाचें हित एकाच ओळींत मांडतां येतें.

ज्या ठिकाणीं तीं दोन हितें एका ओळींत बसत नाहींत, तेथें मात्र सचोटीची कसोटी लागते. बावखल बुजवून केलेल्या भूखंडाची किंमत एकदांच मिळते. त्याच्या पाण्यावर पोसलेल्या वाडीचें उत्पन्न दरसाल येतें. व्याजावर संसार करणारा आणि मुद्दल मोडून थाट करणारा, हे कांहीं वर्षें सारखेच सुखी दिसतात. शेजाऱ्यांना त्यांच्यांतील फरक कळतो तो उशिरा, वैशाखांत, पोहरा वर आल्यावर पाण्याचा पहिला घोट घेतांना.